कार्डवर एकच रेघ आली, म्हणजे नक्की काय कळलं?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वडील ६३ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. रात्री साडेदहाला जेवण उरकून टीव्हीसमोर बसले आणि छातीत जळजळ सुरू झाली, सोबत दडपण. इनो घेतलं, फरक पडला नाही. सिंहगड रोडवर घराजवळच्या छोट्या हॉस्पिटलात ११:२० ला पोचलात. ईसीजी नॉर्मल. बोटभर कार्डवर रक्ताचे थेंब टाकले आणि पंधरा मिनिटांनी सिस्टरनी सांगितलं, 'ट्रोप निगेटिव्ह आहे.' म्हणजे कार्डवर एकच रेघ, हृदयाला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन सापडलं नाही. तरी ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत ठेवा, परत ईसीजी काढू, परत टेस्ट करू. बिल वाढवायला चाललंय असं वाटून तुम्ही वाद घातलात. दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली आणि सकाळी घरी सोडलं. आता तुम्ही विचारताय की दुसऱ्या टेस्टची खरंच गरज होती का, लंडनचा मावसभाऊ 'इकडे एका तासात सोडतात' म्हणतो ते कसं, आणि असं किट ऑनलाइन मिळतं तर घरी आणून ठेवावं का.

मी पुण्यात वीसेक वर्षं इमर्जन्सीत काम करतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ते डॉक्टर बरोबर होते, आणि तुम्ही सही करून वडिलांना घरी नेलं नाहीत याचा मला आनंद आहे.

का, ते समजायला घड्याळाकडे बघा. दुखणं साडेदहाला सुरू झालं आणि रक्त साधारण साडेअकराला काढलं, म्हणजे मधे एक तास. हृदयाच्या स्नायूत आकुंचनाचं काम करणाऱ्या तंतूंवर ट्रोपोनिन नावाची प्रथिनं बसवलेली असतात. त्यातली आय आणि टी या दोन प्रकारांची हृदयातली घडण हातापायांच्या स्नायूंपेक्षा वेगळी असते, म्हणून ती रक्तात सापडली की माल हृदयातूनच आलाय हे कळतं. पण हे ट्रोपोनिन बहुतांश तंतूंना घट्ट धरून असतं. पेशीत मोकळं फिरणारं अगदी थोडं. रक्तवाहिनी बंद पडली, स्नायूला प्राणवायू मिळेनासा झाला, पेशींची आवरणं फाटू लागली, की आधी ते थोडं मोकळं ट्रोपोनिन बाहेर पडतं आणि मग तंतू तुटत जातात तसं बाकीचं. जुन्या पद्धतीच्या टेस्टला ते दिसायला तीन ते सहा तास लागायचे. आजच्या अतिसंवेदनशील, म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टला एक ते तीन तासांत दिसू लागतं. टेस्ट कितीही झटपट असली तरी स्नायूला आपलं ट्रोपोनिन रक्तात सोडायला जो वेळ लागतो तो लागतोच. खाटेशेजारच्या यंत्राने आपली वाट पाहणं कमी होतं, हृदयाचं नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण पटलं ते एका चुकीने. नोकरीची सुरुवातीची वर्षं, एका लहान हॉस्पिटलात रात्रपाळी. अमृततुल्य चालवणारे एक गृहस्थ पहाटे चारला आले, वय पंचेचाळीसच्या आसपास. 'काल लग्नात जरा जास्तच झालं, गॅस वर चढलाय.' ईसीजी मला ठीक वाटला. कार्ड टाकलं, एकच रेघ. मी खूश, तेही खूश. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून ते निघून गेले. आठच्या सुमाराला त्यांचा भाऊ त्यांना रिक्षात आडवं घालून परत घेऊन आला. अंगावरचा शर्ट घामाने पिळून काढावा असा. ईसीजीतली एसटी नावाची रेषा, जी अटॅकमध्ये वर सरकते, इतकी वर गेलेली की वॉर्डमधल्या मामांनाही कळावं. सुदैवाने अँजिओप्लास्टी वेळेत झाली, ते वाचले, आणि पुढे मला कधी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, ज्याची मला अजूनही लाज वाटते. नंतर पहाटेचा ईसीजी परत काढून बघितला तेव्हा टी लाटा उगाच उंच आणि रुंद दिसल्या. सुरुवात तिथेच होती. मी कार्डावर विसंबून कागद नीट वाचला नव्हता. आणि दुखणं किती वाजता सुरू झालं हे विचारायचंच राहिलं होतं. ते सुरू झालं होतं तीनला.

म्हणून आमच्याकडे आलेल्या नव्या मुलांना मी ट्रोपोनिनआधी दोन गोष्टी विचारतो: पेशंट दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला का, आणि केसपेपरवर दुखण्याची वेळ लिहिली का. 'रात्रीपासून' असं नाही, घड्याळातली वेळ. आपल्या लोकांना वेळ आठवत नाही, मालिका आठवतात. 'ती मालिका लागली होती की संपली होती?' असं विचारलं की बरोबर सांगतात.

ईसीजीत एसटी वर गेलेली स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनची वाट बघायचीच नाही. कार्डसुद्धा नाही. त्या पंधरा मिनिटांत कॅथलॅबला, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाला, फोन व्हायला हवा, किंवा कॅथलॅब दोन तासांच्या आत गाठता येणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला हवं. वेल्हे, पानशेत, भोरच्या आतल्या गावांतून येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. 'कार्ड निगेटिव्ह होतं म्हणून थांबलो' असं चिठ्ठीवर लिहून आलेले पेशंट मी पाहिलेत, आणि सोबतचा ईसीजी ओरडून सांगत होता. रक्ताची टेस्ट आहे ती ईसीजीने कौल न दिलेल्या पेशंटसाठी. तुमचे वडील त्यातलेच.

आता ते कार्ड. गरोदरपणाच्या चाचणीचं कार्ड पाहिलं असेल, तेच तंत्र. पट्टीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. ट्रोपोनिन असलं तर ते त्यांना धरतं, पट्टीवरून सरकतं आणि ठरलेल्या जागी अडकून रेघ उमटते. दुसरी रेघ फक्त कार्ड काम करतंय एवढंच सांगते. खोड आहे ती ट्रोपोनिनची रेघ कधी उमटते यात. बाजारातल्या बऱ्याच साध्या ट्रोपोनिन आय कार्डांना रेघ उमटवायला लिटरमागे ५०० नॅनोग्रॅमच्या आसपास ट्रोपोनिन लागतं. मोठ्या लॅबमधल्या एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्हिटी यंत्रावर ट्रोपोनिन आयची नॉर्मलची वरची हद्द २६ आहे. म्हणजे रक्तातलं प्रमाण हद्दीच्या दहापट झालं तरी कार्डवर एकच रेघ दिसू शकते, आणि माणसाला खरोखर अटॅक आलेला असू शकतो. कार्ड पॉझिटिव्ह आलं तर ते गंभीरपणे घ्यायचं. निगेटिव्ह आलं तर एवढंच कळलं की अजून खूप ट्रोपोनिन बाहेर पडलेलं नाही.

वर पुसट रेघेचा वेगळाच तमाशा. पहाटे अडीचला दोन डॉक्टर आणि एक सिस्टर ट्यूबलाइटखाली कार्ड तिरकं धरून 'आहे', 'नाही', 'मला दिसतेय' करत उभे राहिलेले मी पाहिलेत. कंपनी सांगते पंधरा मिनिटांनी वाचा, वीस मिनिटांनंतर वाचू नका. कार्ड ट्रेमध्ये तसंच विसरतं आणि तासाने कुणीतरी 'अरे, ही तर पॉझिटिव्ह' म्हणतं. पाकीट फोडून दमट हवेत पडलेलं कार्ड, मुदत उलटलेलं कार्ड, थेंब कमी पडलेलं कार्ड, हेही रोजचंच.

खाटेशेजारची खरी यंत्रं वेगळी. त्यात छोटी कार्ट्रिज घालतात, शिरेतलं न गाळलेलं रक्त चालतं, आणि दहा ते वीस मिनिटांत आकडा येतो. आकडा येणं फार महत्त्वाचं, कारण आम्हाला दोन आकड्यांतला फरक हवा असतो. जुन्या पिढीतली यंत्रं संवेदनशीलतेत लॅबच्या मागे होती. आता बोटातल्या थेंबावर आठेक मिनिटांत हाय-सेन्सिटिव्हिटी आकडा देणारी हातात मावणारी यंत्रंही निघाली आहेत. लॅबमध्ये तेच सॅम्पल पाठवलं तर नेणं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवणं, मशीनवर लावणं, रिपोर्ट वर येणं, यात तास सहज जातो. कार्ट्रिज मात्र कार्डापेक्षा बरीच महाग पडते, आणि लहान हॉस्पिटलं कार्डावर का भागवतात याचं उत्तर तिथेच आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. कार्ड वापरणारा डॉक्टर जर त्याची मर्यादा ओळखून सहा तासांनी परत टेस्ट करत असेल, तर तो माझ्या दृष्टीने महागडं यंत्र घेऊन एका आकड्यावर पेशंट सोडणाऱ्यापेक्षा चांगला डॉक्टर आहे. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं.

मावसभावाच्या 'एका तासा'बद्दल. तो खोटं बोलत नाहीये, पण अर्धं सांगतोय. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत शून्य आणि एक तासाची पद्धत आहे. पेशंट आल्यावर पहिलं सॅम्पल, तासाने दुसरं. तो एक तास दोन सुयांमधला. त्यात रिपोर्टचा वेळ, ईसीजी, तपासणी धरलेली नाही. आणि ही पद्धत हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टवरच चालते, कार्डावर नाही. लॅबच्या ट्रोपोनिन टी टेस्टचं उदाहरण घ्या, आकडे लिटरमागे नॅनोग्रॅमचे. दुखणं सुरू होऊन तीन तास उलटून गेले असतील आणि पहिलाच आकडा ५ च्या खाली असेल, तर एका सॅम्पलवर अटॅक नाही म्हणता येतं. पहिला आकडा १२ च्या खाली आणि तासाभरात ३ पेक्षा कमी फरक, तरीही सुटका. पहिलाच ५२ किंवा वर, किंवा तासात ५ ने वाढला, तर ॲडमिट. मधल्या पट्ट्यात अडकलेल्यांचं तीन तासांनी परत रक्त. तुमचे वडील तर दुखणं सुरू झाल्यावर तासाच्या आत पोचले होते, त्यामुळे लंडनमध्येही त्यांना पहिल्या सॅम्पलवर कुणी सोडलं नसतं. जुन्या पद्धतीच्या टेस्टला दोन सॅम्पलमध्ये तीन ते सहा तासांचं अंतर ठेवायचं असतं, आणि तुमच्या हॉस्पिटलाने सहा घेतले. सावध माणूस कार्ड हातात असताना सहाच घेणार.

नेदरलँड्समध्ये तर अँब्युलन्समधल्या लोकांनीच पेशंटच्या घरी खाटेशेजारची टेस्ट करून कमी जोखमीच्या माणसांना हॉस्पिटलात न नेण्याचा प्रयोग केला आणि तो सुरक्षित ठरला. पण त्यातही लक्षणं सुरू होऊन किमान दोन तास झालेले असावेत ही अट होती, आणि टेस्टआधी त्या माणसाची जोखीम ट्रोपोनिन सोडून बाकीच्या गुणांमध्ये मोजलेली होती. हे गुण मोजणंही डच डॉक्टरांचंच: दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, मधुमेह-बीपी-तंबाखूसारख्या गोष्टी आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. तीन किंवा कमी आले तर जोखीम कमी. तुमच्या वडिलांना वयाचा एक, मधुमेहाचा एक, दुखण्याच्या वर्णनाचा एक. सगळं निगेटिव्ह असूनही तीन, म्हणजे काठावर. शिवाय आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षं आधी दार वाजवतो, त्यामुळे वयाच्या गुणांवर मी फार विसंबत नाही. मधुमेहाच्या लोकांना अटॅकमध्ये कळ कमी आणि जळजळ, धाप, घाम जास्त, असंही होतं. बायकांचंही तसंच, आणि त्यांच्या ट्रोपोनिनची हद्दही पुरुषांपेक्षा कमी असते. 'आईला गॅस झालाय' म्हणून घरीच ठेवलेल्या आया आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटतात.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण पुढे कधीतरी एखाद्या रिपोर्टवर ठळक अक्षरात 'हाय' लिहिलेलं बघून घरात रडारड होईल. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली. ती का झाली हे ट्रोपोनिन सांगत नाही. किडनी खराब असलेल्या, डायलिसिसवरच्या माणसाचा आकडा बऱ्याचदा कायमच हद्दीच्या वर असतो. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींचा गेली दोन वर्षं साठच्या आसपास आहे. तो तसाच राहिला तर आम्ही घाबरत नाही, तासाभरात पासष्ट-सत्तर झाला तर मात्र कान टवकारतो. फुप्फुसात गुठळी, हृदयाला सूज, जंतुसंसर्ग रक्तात पसरणं, खूप कमी हिमोग्लोबिन, अतिजलद ठोके, यांतही वाढतं. पावसाळ्यानंतर पुण्यात डेंग्यूचे पेशंट भरतात, त्यांच्यातल्या काहींच्या हृदयालाही झळ बसते आणि पंचविशीतल्या पोराचं ट्रोपोनिन चढलेलं दिसतं. पूर्ण मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसातही ते एखादा दिवस वाढलेलं सापडतं. म्हणून २०१८ च्या जागतिक व्याख्येत अटॅक म्हणायला आकडा हद्दीच्या वर हवा, चढता किंवा उतरता हवा, आणि सोबत लक्षणं, ईसीजी किंवा इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाला रक्त कमी पडल्याचा पुरावा हवा, असं ठरलंय.

एक नेहमीचा घोळ. छोट्या हॉस्पिटलात ट्रोपोनिन आयचं कार्ड, मोठ्या हॉस्पिटलात ट्रोपोनिन टीचा आकडा. किंवा टेस्ट एकच, पण एकीकडे मिलिलिटरला ०.०१४ नॅनोग्रॅम, दुसरीकडे लिटरला १४, आणि नातेवाईक फोनवर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून विचारतात, 'डॉक्टर, तिकडे पॉइंट शून्य होतं, इथे चौदा कसं झालं?' ते एकच प्रमाण आहे. पण आय आणि टी, किंवा दोन कंपन्यांची यंत्रं, यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एक सॅम्पल खाटेशेजारच्या यंत्रावर आणि दुसरं लॅबमध्ये, असं केलं तर फरक काढता येत नाही आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. ज्यावर सुरुवात केली त्यावरच शेवट, हा आमच्या विभागातला नियम मी भांडून करून घेतलाय.

मग झटपट टेस्टचा खरा उपयोग कुठे? माझ्या मते मोठ्या हॉस्पिटलात कमी, पेठांमधल्या दहा-पंधरा खाटांच्या हॉस्पिटलांत जास्त. रात्री त्यांची स्वतःची लॅब चालू नसते. सॅम्पल एखादा मुलगा बाइकवर घेऊन जातो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. अनंत चतुर्दशीला तर लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड सगळे विसर्जन मिरवणुकीत, आणि पुण्याची मिरवणूक चोवीस तासांत आटपत नाही. त्या रात्री सदाशिव पेठेतून रक्ताच्या सॅम्पलची बाटली बाहेर काढायची म्हणजे ढोल-ताशा पथकाला वाट मागत चालत जायचं. तिथे खाटेशेजारी आकडा मिळणं म्हणजे 'पेशंट हलवायचा की थांबायचं' हा निर्णय ताबडतोब घेता येणं. पॉझिटिव्ह आला तर पुढच्या हॉस्पिटलाशी बोलताना वजन पडतं. 'पेशंट बरा वाटत नाहीये' यापेक्षा 'ट्रोपोनिन इतकं आहे, तासात एवढं वाढलंय' याला बेड लवकर मिळतो. खरं सांगायचं तर मला हे आवडत नाही, पण आहे तसं आहे.

शेवटचा प्रश्न, घरी किट ठेवावं का. अजिबात नाही. ज्या रात्री त्याची गरज वाटेल त्या रात्री दुखणं सुरू होऊन तासही झालेला नसेल, म्हणजे ते निगेटिव्हच येणार, आणि त्या एका रेघेने तुम्हाला सकाळपर्यंत घरी थांबायचं निमित्त मिळेल. माझ्या अमृततुल्यवाल्या गृहस्थांना मी नेमकं तेच निमित्त दिलं होतं. छातीत दडपण, घाम, धाप, हात किंवा जबड्यात कळ यांपैकी काही दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन करा. २०१४ पासून ही अँब्युलन्स सेवा राज्यात आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. स्वतः गाडी चालवत निघू नका, पेशंटला तर मुळीच चालवू देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर डॉक्टरांशी फोनवर बोलून साध्या ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायला देता येते. शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीच्या दुखण्यावरची बीपी उतरवणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच पडलेलं असेल तर माणूस तिथेच कोसळतो.

तुमच्या वडिलांचं अजून एक काम राहिलंय. दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या म्हणजे त्या रात्री मोठा अटॅक बहुधा नव्हता. रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं त्यातून ठरत नाही. मधुमेह आणि ६३ वय बघता येत्या आठवड्याभरात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, इको आणि गरज असल्यास स्ट्रेस टेस्ट ते ठरवतील. जाताना त्या रात्रीचे दोन्ही ईसीजी न्या, आणि त्याआधी आजच त्यांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. तो उष्णतेवर छापणारा गुळगुळीत कागद असतो, प्लास्टिकच्या फाइलमध्ये वर्ष-दोन वर्षांत पांढरा पडतो. पुन्हा कधी मध्यरात्री माझ्यासारख्या कुणासमोर त्यांना आणलंत, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याला सगळ्यात जास्त उपयोग त्या जुन्या ईसीजीचाच होईल.